क्रोकिनोलचा बोर्ड उन्हाळ्यात जड आणि हिवाळ्यात तिरका का होतो

तक्रार बहुधा अशी असते. दक्षिण ऑन्टारिओत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने शेतावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून क्रोकिनोलचा, म्हणजे बोटाने चकत्या टिचकवण्याच्या कॅरमसारख्या खेळाचा, बोर्ड हौसेने आणलेला असतो, एप्रिल-मे महिन्यांत तो उत्तम चालतो, आणि जूनच्या अखेरीस चकत्या मधल्या खड्ड्याच्या चार बोटे अलीकडेच थांबू लागतात. कॅरमवर हात बसलेला माणूस अशा वेळी सवयीने पावडरीचा डबा काढतो. पहिली संध्याकाळ बरी जाते, पण थोड्याच दिवसांत बोर्ड आधीपेक्षाही जड झालेला असतो. हिवाळा आला की हा जडपणा आपोआप ओसरतो आणि त्याच्या जागी दुसरीच अडचण उभी राहते, ती म्हणजे सरळ मारलेली चकती शेवटच्या काही इंचांत एका बाजूला ओढली जाते. पुढच्या जूनमध्ये पहिला दोष परत हजर होतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे लाकडातला ओलावा, आणि पावडर त्या मुळापर्यंत पोहोचत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निदान खेळाच्या रचनेवरच अवलंबून आहे. क्रोकिनोलचा बोर्ड गोल असतो. स्पर्धेच्या बोर्डावर खेळायच्या पृष्ठभागाचा व्यास २६ इंच, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर असतो. त्यावर एकाच केंद्राभोवती आखलेली तीन वर्तुळे असून त्यांचे गुण बाहेरून आत ५, १० आणि १५ असे वाढत जातात. केंद्राशी एक उथळ खड्डा असतो आणि त्यात पूर्ण बसलेल्या चकतीला २० गुण मिळतात. १५ गुणांच्या वर्तुळावर आठ खुंट्या पहाऱ्याला उभ्या असतात, तर पृष्ठभागाच्या बाहेर सभोवार एक चर असते, जिच्यात बाद झालेल्या चकत्या पडतात. कॅरमसारखा वेगळा स्ट्रायकर इथे नाही. आपली चकतीच बोटाने टिचकी मारून सोडायची. बोर्डावर प्रतिस्पर्ध्याची चकती असेल तर तिला थेट किंवा दुसऱ्या चकतीमार्फत स्पर्श व्हायलाच हवा, आणि ती नसेल तर आपली चकती १५ च्या वर्तुळात किंवा निदान त्याच्या रेषेला टेकून थांबली पाहिजे, नाहीतर ती उचलून चरीत टाकावी लागते. म्हणून बोर्ड जड होणे ही इथे केवळ गैरसोय ठरत नाही. अचूक नेम धरलेली चकतीही दोन इंच कमी पडली तर बाद होते, आणि मग कौशल्याचा निकाल लाकूड देऊ लागते.

कॅरमशी तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कॅरमचा बोर्ड असा गुळगुळीत असावा लागतो की जोरदार हाताने मारलेला पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर त्यावर किमान साडेतीन फेऱ्या मारील. तिथे वेग ही मुख्य अपेक्षा आहे, चौकटीवरून उसळी घेणे हा खेळाचा भाग आहे, आणि स्ट्रायकर बहुधा प्लास्टिकचा असल्यामुळे तो हवेतला ओलावा शोषत नाही. क्रोकिनोलमध्ये बाहेरच्या रेषेपासून केंद्रापर्यंतचे अंतर जेमतेम १२ इंच, चौकटीवरची उसळी नाही, आणि बहुतेक बोर्डांवर लाकडाची चकती लाकडावरून सरकते. चकतीचा व्यास सव्वा इंच, म्हणजे कॅरमच्या सोंगटीएवढाच असतो, त्यामुळे दोन्ही खेळ एकाच औषधाने बरे होतील असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात इथे घासणाऱ्या दोन्ही वस्तू ओल्या हवेला प्रतिसाद देतात आणि चकतीला इतके थोडे अंतर कापायचे असते की घर्षणात झालेला थोडासा बदलही निकालात दिसतो. अतिवेगही इथे नको असतो, कारण फार निसरड्या बोर्डावर चकती खड्ड्यावरून न पडता पुढे निघून जाते. आपल्याला हवी असते ती आज, उद्या आणि पुढच्या महिन्यात सारखीच राहणारी चाल.

लाकूड आणि हवा

लाकूड हवेतला ओलावा घेत-देत राहते. ओलावा वाढला की ते फुगते आणि कमी झाला की आकसते, पण हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने तो जवळजवळ नसतोच. तंतूंना आडव्या दिशेने मात्र तो डोळ्यांना दिसण्याइतका असतो. त्यामुळे अखंड फळ्या जोडून केलेला जुना बोर्ड दमट दिवसांत किंचित लंबगोल होतो. प्लायवूडमध्ये थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने ही हालचाल बरीच दबते, आणि म्हणूनच आजचे चांगले कारागीर पृष्ठभागासाठी प्लायवूडच पसंत करतात. जुने शेतघरातले बोर्ड मात्र हाताशी असेल त्या लाकडाचे असत. आज ज्ञात असलेला सर्वांत जुना बोर्ड ऑन्टारिओच्या पर्थ परगण्यातल्या एकहार्ट वेटलाउफर या कारागिराने १८७६ मध्ये आपल्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसासाठी केला होता. पुढे मेनोनाइट आणि आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या शेतकरी समाजांत, जिथे पत्ते आणि नाच वर्ज्य मानले जात, हा खेळ निरुपद्रवी करमणूक म्हणून घरोघरी रुजला. अशा घरांतून विक्रीला येणारे बोर्ड प्रेमाने केलेले असतात, पण त्यांची खालची बाजू बहुधा कोरीच राहिलेली असते, आणि आपल्या समस्येची अर्धी कथा त्या कोऱ्या बाजूत आहे.

वरच्या बाजूला वॉर्निश किंवा लाखेचे पॉलिश असल्याने ती ओलावा हळू घेते. खालची बाजू तो भराभर घेते आणि भराभर सोडते. ऑन्टारिओतल्या घरात उन्हाळ्यात तळघर दमट असते, आणि बोर्ड बहुधा तिथेच भिंतीला टेकून ठेवलेला असतो. हिवाळ्यात तोच बोर्ड वर येतो आणि घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीच्या गरम हवेने वाळलेल्या खोलीत, कित्येकदा थेट हवेच्या झडपेशेजारी, भिंतीवर टांगला जातो. मग कोरी खालची बाजू आधी आकसते, बोर्ड खालून खोलगट होतो आणि वरून त्याचा मधला भाग किंचित उचलला जातो. केंद्राकडे जाणारी प्रत्येक चकती तेव्हा न दिसणारा चढ चढत असते आणि वेग मंदावताच ती चढावरून बाजूला ढळते. हिवाळ्यातला तिरकेपणा तो हाच. उन्हाळ्यात याच्या उलट घडते, म्हणजे बोर्ड वरून थोडा खोलगट होतो. पण त्या खोलगटपणाबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही, कारण त्याने चकती खड्ड्याकडेच झुकते. तेव्हा जाणवतो तो फक्त ओल्या पृष्ठभागाचा जडपणा.

निदान कसे करावे

काहीही लावण्यापूर्वी दोष कुठे आहे हे ठरवावे. आपल्या हातातला फरक निकालात मिसळू नये म्हणून जाड पुठ्ठ्याची एक लहान उतरण करावी, तिच्यावर ठरावीक उंचीला रेघ मारावी आणि तिथून चकती नुसती सोडून द्यावी. उतरणीचे टोक बाहेरच्या रेषेवर ठेवून चकती कुठे थांबते ते पाहावे आणि हाच प्रयोग चारही बाजूंनी करावा. चारही बाजूंनी चकती सारखीच लवकर थांबत असेल तर दोष पृष्ठभागाचा किंवा चकतीचा आहे. एका बाजूने ती लांब जाते आणि समोरच्या बाजूने कमी पडते, किंवा वाटेत वळते, असे दिसले तर दोष सपाटीचा आहे.

सपाटीचा दोष असेल तर पुढचा प्रश्न टेबल की बोर्ड हा असतो, आणि तो सोडवायला बोर्ड जागच्या जागी पाव फेरी फिरवणे पुरेसे आहे. चकती आधी खिडकीकडे ढळत होती आणि बोर्ड फिरवल्यावरही खिडकीकडेच ढळते, तर टेबल किंवा जमीन कललेली आहे, आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की काम होते. ढळण्याची दिशा बोर्डाबरोबर फिरली तर बोर्डालाच बाक आलेला आहे. गवंडी वापरतात ती पाणसळ इथे उपयोगी पडते, पण बाक तपासायला पोलादी पट्टी अधिक चांगली. ती खुंट्यांच्या मधून केंद्रावर उभी धरावी, मागे दिवा लावावा आणि पट्टीखालून प्रकाश कुठे येतो ते पाहावे. कडांशी प्रकाश दिसला तर मधला भाग वर आलेला आहे. मध्यभागी दिसला तर बोर्ड खोलगट आहे. एकदा तंतूंच्या दिशेने आणि एकदा त्यांना आडवे असे दोन्ही वेळा पाहावे, कारण बाक बहुधा आडव्या दिशेलाच असतो.

चकत्यांकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही असे माझे मत आहे. लाकडी चकतीची एक बाजू अनेकदा किंचित फुगीर आणि दुसरी किंचित खोलगट असते, आणि तो बहुतांशी लाकडाच्या स्वभावाचाच परिणाम असतो. फुगीर बाजू खाली असेल तर स्पर्श मध्यावर होतो, खोलगट बाजू खाली असेल तर कडेवर, आणि दोन्हींची चाल वेगळी असते. उतरणीवरून प्रत्येक चकती दोन्ही बाजूंनी सोडून पाहिली तर संचातल्या काही चकत्या इतरांपेक्षा सतत मागे राहतात असे आढळेल. त्यांच्या कडेला बारीक खडबडीतपणा आलेला असेल तर अगदी बारीक, चारशे नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर चकती हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवावी. यापेक्षा जास्त घासू नये, कारण जाडी कमी झाली की वजन बदलते आणि संच विजोड होतो.

पावडरीविषयी

जडपणावर पावडर का चालत नाही, हे आता समजणे कठीण नाही. कॅरमच्या बोर्डावर आपण जी पावडर वापरत आलो ती बहुतेक बोरिक आम्लाची. कोरड्या आणि टणक पृष्ठभागावर तिचे कण चकतीखाली फिरतात आणि घर्षण कमी करतात. पण बोर्डावर आधीच मेणाचा थर, बोटांचा तेलकटपणा आणि दमट हवा असेल तर तेच कण त्या थरात रुततात आणि पाहता पाहता करड्या रंगाचा चिकट लेप तयार होतो. स्टार्चची पावडर आरोग्याला निर्धोक असली तरी ओलावा धरण्यात ती मागे नाही, त्यामुळे जुलैत तिच्याही गुठळ्या होतात. शिवाय कॅरमच्या बोर्डावरची जादा पावडर कापडाने एका बाजूला करता येते. क्रोकिनोलमध्ये ती मधल्या खड्ड्यात साचते, चकती त्यात पूर्ण बसत नाही, एका कडेवर कलून राहते, आणि वीस गुण द्यायचे की नाही यावरून वाद होतात.

बोरिक पावडरीचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो खेळापेक्षा महत्त्वाचा आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये नागरिकांना बोरिक आम्लाशी येणारा अनावश्यक संपर्क टाळण्याचा सल्ला दिला, आणि त्यात मुले व गर्भवती स्त्रिया यांचा खास उल्लेख होता. युरोपीय संघातही प्रजननक्षमतेला अपाय करणाऱ्या पदार्थांमध्ये त्याचे वर्गीकरण झालेले आहे. क्रोकिनोल हा आजी-आजोबांपासून पाच वर्षांच्या नातवंडापर्यंत सर्वांनी एका टेबलाभोवती बसून, मधूनमधून खाऊ खात खेळण्याचा खेळ आहे. भारतातून येताना बॅगेत आणलेला तो डबा या बोर्डाजवळ नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मग वापरावे काय? टॅव्हिस्टॉक या ऑन्टारिओतल्या छोट्या गावात १९९९ पासून जागतिक क्रोकिनोल स्पर्धा भरते, तीही जून महिन्यात, म्हणजे दमटपणा सुरू होतो तेव्हाच. तिथली पद्धत विचारपूर्वक ठरवलेली आहे. बोर्डांना गरजेप्रमाणे आधी पेस्ट वॅक्स, म्हणजे लाकडाला लावायचे घट्ट मेण, लावून ठेवलेले असते. स्पर्धेच्या दिवशी शफलबोर्डसाठी (लांब टेबलावर चकत्या सरकवण्याच्या खेळासाठी) मिळणारे दाणेदार वॅक्स आयोजक स्वतः चरीत टाकतात, आणि ज्याला हवे असेल त्या खेळाडूने आपली चकती त्यात घासून मग टिचकी मारायची. खेळाडूला बोर्डावर काहीही टाकण्याची परवानगी नसते. यातले मर्म असे की घसरणारा पदार्थ बोर्डावर पसरत नाही, चकतीच्या तळाला लागेल तेवढाच तो आत जातो, आणि म्हणून थर साचायला पुष्कळ वेळ लागतो. घरीही हीच रीत पाळावी.

बोर्ड पूर्वपदावर आणणे

आधी जुना लेप काढावा लागतो. सुरुवात नेहमी कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या सुती कापडाने करावी आणि खड्डा मऊ ब्रशने साफ करावा. एवढ्याने भागले नाही तर कापडाला थोडे मिनरल स्पिरिट (तेलरंग पातळ करायला वापरतात ते) लावून, खिडक्या उघड्या ठेवून, लहान लहान भाग पुसावा; त्याने मेण विरघळते आणि त्यात रुतलेली पावडर बाहेर पडते. आधी चरीतल्या एखाद्या कोपऱ्यात लावून पाहावे, कारण जुन्या बोर्डावरच्या रेषा आणि अंक कोणत्या रंगाने काढले आहेत याचा भरवसा नसतो. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे पॉलिश करणारे वापरतात ते स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करण्याचे द्रव. जुन्या बोर्डावर लाखेचे पॉलिश असेल तर अल्कोहोलने ते क्षणात विरघळते आणि पृष्ठभाग कायमचा डागाळतो. दुसरी म्हणजे फर्निचर चमकवण्याचे फवारे. त्यांतल्या अनेकांत सिलिकोन असते. पहिले काही दिवस बोर्ड विलक्षण वेगाने चालतो, पण ते सिलिकोन लाकडात मुरले की पुढे त्यावर नवे वॉर्निश नीट बसत नाही. ओल्या फडक्याने पुसणे चुकीचे आहे हे वेगळे सांगायला नको.

स्वच्छ बोर्ड दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा उभा ठेवावा. त्यानंतर पेस्ट वॅक्सचा अगदी पातळ हात द्यावा, डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर ते धूसर दिसू लागले की स्वच्छ कापडाने, हाताला चिकटपणा जाणवेनासा होईपर्यंत, घासून काढावे आणि रात्रभर राहू द्यावे. जाड हात दिल्याने बोर्ड अधिक वेगवान होत नाही. न वाळलेले मेण धूळ धरते आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. मेण लावल्यानंतर उतरणीचा प्रयोग पुन्हा करून चकती कुठे थांबली ते त्या दिवसाच्या आर्द्रतेसह वहीत लिहून ठेवावे. पुढच्या उन्हाळ्यात बोर्ड जड वाटला तर तो खरोखर जड झाला आहे की आपलीच टिचकी हलकी झाली आहे, हे या नोंदीवरून कळते.

बाक घालवणे हे अधिक सबुरीचे काम आहे. पहिला उपाय जागा बदलण्याचा. खोलीतली आर्द्रता वर्षभर साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर बहुतेक बोर्ड काही आठवड्यांत स्वतःहून बरेच सरळ होतात. उन्हाळ्यात तळघरातले ओलावा ओढणारे यंत्र आणि हिवाळ्यात खोलीतले आर्द्रता वाढवणारे यंत्र ही दोन्ही या देशात अनेक घरांत असतात. फक्त बोर्ड त्यांच्या कक्षेत ठेवायचा आणि स्वस्तातला आर्द्रतामापक शेजारी लावायचा. भिंतीवर टांगायचा असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर किंवा गरम हवेच्या झडपेजवळ नसावा, आणि मागे लाकडाचे लहान तुकडे लावून भिंतीपासून बोटभर दूर असावा. बोर्ड एकदा सरळ झाला की मग खालची कोरी बाजू वरच्यासारख्याच वॉर्निशने बंद करावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वाकलेल्या अवस्थेत खालची बाजू बंद केली तर बाक पक्का होतो. उन्हात ठेवून किंवा वजनाखाली घाईने दाबून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. फळ्यांच्या सांध्यांना तडा जातो आणि शतकभर टिकलेली वस्तू एका दुपारी निकामी होते.

खुंट्यांबद्दल थोडक्यात. काही बोर्डांवर त्यांना रबरी आवरण असते आणि वर्षांनी ते कडक किंवा चिकट होते. चकती खुंटीवरून परतण्याऐवजी तिथेच थबकत असेल तर आवरण बदलावे. नुसती खुंटी हलत असेल तर ती पिरगळून काढू नये, तिच्या बुडाशी लाकडाच्या गोंदाचा एक थेंब पुरतो.

रोजच्या वापरात दोनच सवयी लावाव्यात. डाव मांडण्यापूर्वी कोरड्या कापडाने पृष्ठभाग आणि चकत्या पुसाव्यात, आणि खाणे झाल्यावर हात धुऊनच बोर्डाशी बसावे; दिवाळीच्या फराळानंतर रंगलेल्या डावात चकलीच्या तेलाने बोर्डाचे जेवढे नुकसान होते तेवढे ऑन्टारिओच्या जुलैनेही होत नाही. इतके सगळे करूनही अखंड लाकडाचा जुना बोर्ड ऋतूगणिक वाकतच राहिला तर त्याला रंधा मारून किंवा घासून सपाट करण्याच्या भरीस पडू नये, कारण रेषा जातात, खड्ड्याची खोली बदलते आणि पुन्हा वाकायचे ते वाकतेच. असा बोर्ड घरच्या खेळापुरता वसंत आणि शरद ऋतूंत वापरावा, आणि बारमाही सरावासाठी प्लायवूडचा, दोन्ही बाजूंनी वॉर्निश केलेला दुसरा बोर्ड घ्यावा.